गाठीचं गाव शोधणाऱ्या वायाळबाई

वायाळबाई बोलायला लागल्या की हातातला कप खाली ठेवायचा, हे आमच्या दवाखान्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. मला ते कुणी सांगितलं नाही. रुजू होऊन चार दिवस झाले होते. मी ऑपरेशन आटोपून चहा घेत बसलो होतो. तेवढ्यात दार ढकलून एक ठेंगणी, काळीसावळी बाई आत आली. तिच्या एका हातात काचेची बरणी होती आणि दुसरा हात हवेत. त्या हाताच्या फटकाऱ्यात माझा कप गेला, बशीही गेली. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"डॉक्टर, हे काखेतली गाठ तुमी पाठोली. माणूस कुठी ठेवला?"

मी म्हटलं, "माणूस वॉर्डात आहे. तुम्हाला गाठ तपासून रिपोर्ट द्यायचाय ना?"

"गाठ काय माणसाबिगर फिरते काय? मले माणूस दाखवा आंधी. मंग सही करीन."

ह्या डॉ. कौसल्या वायाळ. आमच्या दवाखान्याच्या पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग सांगणाऱ्या डॉक्टर. मी कऱ्हाडकडचा. पुण्यामुंबईत ज्या पॅथॉलॉजिस्टांकडे मी शिकलो, ते आपल्या खोलीतून बाहेर येत नसत. रोग्याचा चेहरा पाहण्याची त्यांना गरजही वाटत नसे. इथे मात्र ही बाई माझ्याआधी वॉर्डात पोचली होती आणि त्या माणसाचा सदरा काढायला लावून त्याची पाठ तपासत होती.

दवाखाना एका ट्रस्टचा होता, बुलढाण्याहून धाड गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. राज्य नुकतंच झालेलं. फॉर्मांवर अजून 'मुंबई राज्य' छापलेलं असायचं, ते खोडून आम्ही हाताने 'महाराष्ट्र' लिहायचो. बाईंची प्रयोगशाळा म्हणजे दक्षिणेच्या खिडकीची एक खोली. सूक्ष्मदर्शक आरशाचा. खिडकीतलं ऊन आरशावर घ्यायचं आणि पाहायचं. ढग आले की बाई खिडकीशी उभ्या राहून आभाळाला बोलायच्या, "हट ना बे बाजूले!"

त्या धाडच्याच, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या. नागपूरला शिकल्या, पण भाषा तशीच ठेवली. एकदा पुण्याचे एक पाहुणे डॉक्टर त्यांचं बोलणं ऐकून हसले. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमी हसून घ्या. मंग हे स्लाइड पाहा अन् सांगा काय हाय." पाहुण्यांना सांगता आलं नाही. बाईंनी सांगितलं, तेही वऱ्हाडीत.

त्यांचा एकच ध्यास होता. कॅन्सरच्या काही गाठी अशा असतात की गाठ सापडते मानेत, काखेत, यकृतात, हाडात, पण ती तिथली नसते. रोग सुरू झालेला असतो दुसरीकडेच आणि ती मूळ जागा कुठेच दिसत नाही. माणूस उलटासुलटा तपासला तरी दिसत नाही. असे रोगी आले की आम्ही बाकीचे डॉक्टर मान खाली घालायचो. बाईंच्या अंगात मात्र वारं भरायचं. त्या गाठीचं 'गाव' शोधायला निघायच्या. त्यासाठी त्यांनी लाकडाच्या तीन पेट्या करून घेतल्या होत्या. पहिलीवर लिहिलं होतं 'गाव सापडलं'. दुसरीवर 'तालुका सापडला, गाव नाही'. तिसरीवर नुसतं 'बेपत्ता'. प्रत्येक स्लाइड या तिन्हींपैकी एका पेटीत. दर शनिवारी दुपारी 'बेपत्ता' पेटी उघडायची आणि सगळ्या स्लाइड पुन्हा पाहायच्या. महिन्या-दोन महिन्यांनी कधीतरी त्या खोलीतून मोठ्याने "सापडलं!" असं ऐकू यायचं आणि मग बाई ओसरीवर जो भेटेल त्याला, माळ्याला, आयाला, रोग्याच्या नातेवाइकाला, हात हलवत सगळं समजावून सांगायच्या.

चुकायच्याही. एका निवृत्त कारकुनाच्या यकृतातल्या गाठीचं मूळ आतड्यात असल्याचं त्यांनी छातीठोक सांगितलं होतं. तो गेल्यावर घरच्यांच्या परवानगीने आम्ही आतून पाहिलं, तर मूळ स्वादुपिंडात होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी सगळे बसलेले असताना बाई उभ्या राहिल्या. "कालचं माह्यं चुकलं. काऊन चुकलं थे सांगतो, ऐका." आणि भाजी गार होईपर्यंत त्या स्वतःची चूक इतक्या आनंदाने समजावत राहिल्या, की एखाद्याला वाटावं यांना बक्षीस मिळालंय.

धामणगाव बढ्याचे श्रीपतराव आले तेव्हा मी तिथे मुरलो होतो. श्रीपतराव म्हणजे गावचे पाटील, मोठी शेती, डोक्याला रेशमी पटका, आवाज खणखणीत. जांघेत लिंबाएवढी गाठ. मी ती काढली, बाईंकडे पाठवली, आणि माणूसही दाखवला. बाईंनी दोन दिवस ती स्लाइड पाहिली. पेशी वाईट होत्या, पण कुठल्या ते कळेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी चांदीच्या द्रावणाचा एक रंग देऊन पाहिला आणि तीनचार पेशींत काळे बारीक कण दिसले, कातडीला रंग देणारे. कातडीचा रोग जांघेत उतरतो तो बहुधा पायातून. त्या धावतच वॉर्डात गेल्या.

"श्रीपतराव, पाय द्या."

श्रीपतरावांनी पाय आखडून घेतले. "बाई, तुमी कायले पायाले हात लावता? पाप लागन मले."

"पाप गेलं खड्ड्यात. पाय द्या."

बाई खाली बसल्या, लोटा घेतला, साबण घेतला आणि त्या पाटलाचे पाय घासून धुतले. टाचेला भेगा होत्या आणि भेगांवर बिब्बा घातल्याचे काळे डाग. आपल्याकडे भेगा पडल्या की बिब्बा तापवून लावतात, त्याचा डाग वर्षानुवर्षं जात नाही. मीही तो पाय पाहिला होता आणि बिब्बा म्हणून सोडून दिला होता.

"हा बिब्बा कोणं घातला?"

"माह्या बायकोनं."

"किती ठिकानी?"

आता हे कोण लक्षात ठेवतं? पण बाईंनी श्रीपतरावांच्या पत्नीला बाहेरून बोलावून घेतलं. ती पदर सावरत आली, नवऱ्याच्या टाचेकडे पाहिलं आणि बोटाने मोजायला लागली. "हा म्या घातला, हा म्या घातला..." पाच झाले. सहाव्या डागापाशी तिचं बोट थांबलं.

"हा नाई माहा. हा म्या नाई घातला."

बाई उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की श्रीपतराव बिचारे विचारायला लागले, "बरं हाय ना मंग? बरं हाय ना?" बाईंना एकदम भान आलं. त्या पुन्हा खाली बसल्या, त्यांचा ओला पाय आपल्या मांडीवर घेऊन पदराने पुसला, आणि हळू आवाजात खरं ते सांगितलं. तो सहावा डाग म्हणजे कातडीच्या रंगाच्या पेशींचा कॅन्सर होता. मी तो काढला, जांघेतल्या उरलेल्या गाठीही काढल्या. श्रीपतराव त्यानंतर चार वर्षं जगले. त्या चार वर्षांत त्यांनी ग्रामपंचायतीची निवडणूक लढवली, हरले, परत लढवली आणि जिंकले. शेवटी त्याच रोगाने गेले.

ते गेल्याचं कळलं त्या दिवशी मी एक वाक्य बोललो आणि बाई माझ्यावर जन्मात चिडल्या नव्हत्या तशा चिडल्या. मी म्हटलं होतं, "बाई, गाव सापडून तरी काय उपयोग? रोगी जायचा तो जातोच."

"तुमाले कोणं सांगतलं जातोच म्हून? कोनाचा कोनता रोग हाय हेच ठाऊक नाई, अन् जातोच म्हनता! सगळ्याईले एकाच पोत्यात भरता अन् पोत्यावर लिवता, जातोच! अवो, एखादा त्यात जगनारा असन ना!"

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी काहीच न झाल्यासारख्या एक स्लाइड दाखवायला आल्या.

आता बेडकांचं सांगतो. बाईंच्या प्रयोगशाळेत सिमेंटचा एक हौद होता, वर जाळी, आत ओला पाला आणि दहाबारा बेडूक, खडबडीत पाठीचे, सगळे नर. एखादी बाई गरोदर आहे की नाही हे त्या काळी आम्ही बेडकावरून ठरवायचो. तिची लघवी नर बेडकाच्या पाठीच्या कातडीखाली टोचायची. गरोदरपणी लघवीत जो एक रस येतो, त्याने दोन-तीन तासांत बेडकाचं वीर्य सुटतं. मग बेडकाच्या लघवीचा थेंब काचेवर घेऊन पाहायचं. शुक्रजंतू वळवळताना दिसले तर ती गरोदर. बेडूक पुरवायचं काम वायाळ मास्तरांचं. हे बाईंचे यजमान, हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. अत्यंत कमी बोलणारा, सडपातळ माणूस. सकाळी मळ्याच्या पाटाकडे फिरायला जायचे ते परतताना पिशवीत दोन बेडूक घेऊन. शिवाय बाईंना दिसलेल्या पेशींची रंगीत पेन्सिलींनी चित्रं काढायचे, इतकी हुबेहूब की मी स्लाइडऐवजी चित्र पाहूनच शिकलो. ट्रस्टचे एक विश्वस्त एकदा हौद पाहून म्हणाले, "दवाखान्यात बेडूक शोभतात का?" मास्तर फक्त एवढंच म्हणाले, "पगार घेत नाहीत."

दुसरबीडची सुभद्रा आली ती नवरा आणि सासूबरोबर. वय बावीस-तेवीस. नवऱ्याचं रस्त्याकडेला सायकल दुरुस्तीचं दुकान. पोरीला खोकला, खोकल्यातून रक्त. छातीच्या एक्स-रे फोटोत दोन्ही फुफ्फुसांवर गोल सावल्या. मी क्षय समजून इंजेक्शनं सुरू केली. दोन महिने दिली. ती वाळतच गेली. मग डोक्यावर केसांत एक निळसर गाठ आली. ती काढताना इतकं रक्त गेलं, की अर्धा तास बोळा दाबून धरावा लागला. गाठ बाईंकडे गेली. क्षय नव्हता, कॅन्सर होता. पण कुठला? छाती, पोट, गर्भाशय, मी सगळं तपासलं. कुठे काही नाही. मी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, तिला जे आवडतं ते खाऊ घाला. तो 'बरं' म्हणाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. सासूने गाठोडं बांधायला घेतलं. दुपारी अडीचची एस.टी. होती.

सकाळचे साडेदहा झाले असतील. बाई धावत आल्या. हातात मास्तरांनी काढलेलं चित्र.

"डॉक्टर, हे दोन जातीच्या पेशी हायेत. एक मोठ्याल्या, एकमेकीत मिसळेल. दुसऱ्या फिक्कट, वेगवेगळ्या. अन् मधात सगळं रक्तच रक्त. असं म्या कुठी तरी पाह्यलं हाये. कुठी पाह्यलं? कुठी पाह्यलं?" त्या स्वतःच्याच कपाळावर बोटं आपटत होत्या. मग एकदम थांबल्या. "वारेचं! अवो, वारेचं असतं असं! बाळंतपणाच्या वारेचं!"

वार म्हणजे पोटात गर्भाला पोसणारा, बाळंतपणात मागून पडणारा भाग. मी म्हटलं, "पण ती गरोदर नाही. बाळंतही झालेली नाही. मी विचारलंय."

"तुमी इचारलं," बाई म्हणाल्या, "तुमी पुरुष."

त्या सुभद्राच्या सासूपाशी जाऊन जमिनीवर बसल्या, गाठोड्याला हात लावून. "मावशी, एक इचारतो. हिचं कधी काही गेलं काय? पोटातलं?"

सासूने मग सुनेकडे पाहिलं. दुसरबीड म्हणजे सिंदखेडराजाकडचं, तिची बोली जालन्याकडे झुकणारी. ती पुटपुटली, "सांगायची गोष्ट हाय का ती, बाई. साल झालं. तिसऱ्या महिन्यात गेलं. पर लेकरू नव्हतंच. भिजलेल्या साबुदाण्यावानी पडलं नुसतं, ढिगानं. सुईण म्हनली, कुनाला सांगू नका, बाहेरची बाधा हाय. म्हून आमी पुरून टाकलं अन् तोंड मिटलं."

सुभद्राने पलंगावर तोंड फिरवून घेतलं होतं. वर्षभर ती तेच मनात घेऊन होती.

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बाधागिधा काही नाई, पोरी. वारच तशी वाढते कधीकधी. तुयं काही चुकलं नाई." मग माझ्याकडे वळल्या आणि त्यांचा आवाज चढला. "वार गेली, पन तिचे दाने आंगात राह्यले! गर्भाशयात आता काही नसन. छातीत गेले, डोक्याले गेले! डॉक्टर, लघवी पाह्यजे हिची. आत्ताच्या आत्ता!"

अकराला पाच बेडूक मांडले. एकाला सुभद्राची लघवी तशीच. दुसऱ्याला दसपट पाणी घालून, तिसऱ्याला पन्नासपट, चौथ्याला शंभरपट. पाचव्याला एका आयाची, जी गरोदर नव्हती, पडताळा म्हणून. टोचायच्या आधी प्रत्येकाचा थेंब पाहून घेतला, कुठे काही नाही ना ते. मग वाट पाहायची. त्या दिवशी मी दोन ऑपरेशनं पुढे ढकलली. मास्तर शाळेतून मधल्या सुट्टीत आले ते परत गेलेच नाहीत. बाई एका जागी बसत नव्हत्या. खिडकीपाशी जायच्या, ऊन पाहायच्या, हौदापाशी यायच्या, बेडकाला म्हणायच्या, "दे ना बाप्पा, काऊन आखडून बसला?"

एक वाजता पहिल्याचा थेंब घेतला. बाईंनी डोळा लावला.

"हालून राह्यले! डॉक्टर, हालून राह्यले! पाहा!"

मी पाहिलं. थेंबभर वळवळ नुसती. दुसऱ्याचा थेंब, तीच वळवळ. तिसऱ्याचा, तीच. दोन वाजता चौथ्याचा, शंभरपट पाणी घातलेल्याचा, त्यातही हलत होते. गरोदर बाईचा रस एवढ्या पाण्यात टिकत नाही. पाचव्या बेडकाच्या थेंबात शुकशुकाट. मास्तरांनी तिथल्या तिथे बाईंचा हात धरला. त्या दोघांना आम्ही तसं कधी पाहिलं नव्हतं. बाईंनी हात सोडवून घेतला आणि त्या धावत सुटल्या. बाहेर सुभद्राचा नवरा तिला धरून फाटकापर्यंत नेत होता. सासू पुढे गाठोडं घेऊन.

"थांबा! ए भौ, थांब! घरी नाई न्यायचं! हिले मुंबईले न्यायचं!"

बाई धापा टाकत त्याला सांगत होत्या. त्यांनी नागपूरला एका मासिकात वाचलं होतं, की ह्या एका कॅन्सरला एक औषध निघालंय, त्याने बायका साफ बऱ्या होतात. बाकी कॅन्सरला नाही, ह्याला. तो माणूस ऐकत होता आणि मग म्हणाला, "डॉक्टर तं म्हनले, घरी न्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी चुकलो होतो."

बाई स्वतः त्यांच्याबरोबर मलकापूरहून गाडीने मुंबईला गेल्या. तिथल्या मोठ्या दवाखान्यात त्यांनी बेडकांचा निकाल, स्लाइड आणि मास्तरांचं चित्र टेबलावर मांडलं. तिथल्या डॉक्टरांनी स्लाइड पाहिली आणि त्याच आठवड्यात औषध सुरू झालं. सुभद्राचे केस गेले, तोंडात फोड आले, दोनदा वाटलं की आता हातची जाते. चौथ्या महिन्यात छातीवरच्या सावल्या पुसट झाल्या. सहाव्या महिन्यात ती दुसरबीडला परतली. मग दर महिन्याला दुसरबीडहून एस.टी.च्या कंडक्टरबरोबर तिच्या लघवीची एक बाटली यायची, फडक्यात गुंडाळलेली. बाई बेडकाला टोचायच्या आणि दोन-तीन तासांनी खोलीतून बाहेर येऊन एवढंच म्हणायच्या, "शांत हाय." आम्हा सगळ्यांना कळायचं कोण शांत आहे ते.

दीड वर्षाने सुभद्रा स्वतः आली. ओळखू येऊ नये इतकी भरलेली. केस खांद्यापर्यंत वाढलेले. ती म्हणाली, "बाई, मला ते बेडूक दाखवा." बाईंनी जाळी उघडली. तिने वाकून आत पाहिलं आणि हात जोडले.

"अवं, नमस्कार कायले करतं त्याईले?" बाई ओरडल्या. "किडे आन जरासे. भुकेजून राह्यले थे."

सुभद्रा हसायला लागली आणि हसताहसता रडायला लागली. बाईंना काय करावं सुचेना. त्यांनी तिला स्टुलावर बसवून सूक्ष्मदर्शकातून तिच्याच डोक्यावरच्या त्या गाठीची स्लाइड दाखवली. "पाह्य. हे होतं तुयं. आता नाई." मग ती स्लाइड पहिल्या, 'गाव सापडलं' पेटीत ठेवायला तिच्याच हातात दिली.

त्यानंतर सहा वर्षांनी मी कऱ्हाडला परत जायचं ठरवलं. आईची तब्येत बरी नव्हती. बुलढाण्याच्या स्टँडवर सगळा दवाखाना पोचवायला आला होता. मास्तरांनी मला एक चित्र दिलं. शेवटी बाई पुढे आल्या. मीही काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. त्यांनी हात वर केला, "डॉक्टर, तुमी..." म्हणाल्या, आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली.

पलीकडे बाकावर एक म्हातारा चहा घेत बसला होता. गळ्यात पंचा गुंडाळलेला. चहा पिताना तो पंचा जरा सरकला होता.

"एक मिन्ट," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

कंडक्टरने घंटी मारली. मी चढलो. गाडी वळताना खिडकीतून मला त्या दिसल्या. म्हाताऱ्याचा चहाचा पेला त्यांनी आपल्या डाव्या हातात घेतला होता आणि उजव्या हाताची बोटं त्याच्या मानेवर होती. म्हातारा गोंधळून त्यांच्याकडे पाहत होता. बाई भराभर काहीतरी विचारत होत्या, पेला हिंदकळत होता, चहा त्यांच्या पातळावर सांडत होता. गाडी निघाली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.